फोटोत शोभलेला टोप

स्टुडिओत तिला सगळे टचिंगताई म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं. मालकानं फोटो काढायचे आणि त्यातले फोड, डाग, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं हिनं पुसायची, अशी एकवीस वर्षांची वाटणी होती. या पुसापुशीला त्या धंद्यात टचिंग म्हणतात. आधी ते बारीक ब्रशनं व्हायचं, मग संगणक आला, पण खुर्ची तीच राहिली आणि खुर्चीवरची बाईही. मालक स्वतःला कलावंत समजायचा. समजू दे बिचाऱ्याला. गिऱ्हाईक फोटो हातात घेऊन "छान आलाय" म्हणायचं, ते हिच्या जिवावर.

तिचं म्हणणं एकच असायचं. टचिंग केलंय हे कळलं की ते टचिंग वाया गेलं. कितीतरी टकल्या साहेबांना तिनं कपाळावर दोन बोटं केस उगवून दिले होते, तेही असे की साहेबांच्या बायकोनं म्हणावं, हा जुना फोटो दिसतोय. त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे तिला ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं असं मला वाटतं.

तर अशा बाईच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी केमोची सहा इंजेक्शनं सांगितली, आणि दुसऱ्यानंतर केस जातील हेही सांगितलं. तसे ते गेले. एका सकाळी न्हाणीघरात हाताला आले ते आलेच, आठवड्याभरात डोकं साफ झालं. ती रडली वगैरे नाही. तिनं डोक्याला रुमाल बांधला, स्टुडिओत धुळीची अ‍ॅलर्जी झाल्याचं सांगितलं आणि कामाला बसली. मालकाला खरं काय ते कळलं असावं, पण त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदाच तोंड बंद ठेवलं.

स्वतःच्या टकलाची तिला भीती नव्हती. भीती होती आईची.

चार वर्षांपूर्वी तिची थोरली बहीण याच आजारानं गेली होती. थोरलीनं आधी केस खांद्यापर्यंत कापले, "गरम होतं गं आई" म्हणाली, आणि आईनं ते खरं मानलं. मग उशीवर केस दिसायला लागले. रोज सकाळी आई ते एकेक करून वेचायची, कागदात गुंडाळायची आणि कपाटात ठेवायची. आठ महिन्यांत थोरली गेली. त्यानंतर आई दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून होती. भावजय चमच्यानं भरवेल तेवढं खायची, नाहीतर तेही नाही. त्यातून ती उठली, पण तोवर डोळ्यांची मधली नजर गेली होती. समोरचं धूसर, कडेकडेचं मात्र अजून दिसायचं. डॉक्टर म्हणाले वयामुळे. घरातल्या कुणालाच ते पटलं नाही.

म्हणून टचिंगताईच्या गाठीचं कळलं त्या दिवशी धाकट्या भावानं दार लावून सांगितलं, "आईला हे कळता कामा नये. दुसऱ्यांदा पडली तर ती उठायची नाही." बहीण, भाऊ आणि भावजय या तिघांचं यावर एकमत झालं. एरवी त्यांचं कशावरच होत नाही.

अडचण होती रविवारची. आई भावाकडे राहायची, टचिंगताई गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी. दर रविवारी ती आईकडे जायची आणि आई तिला समोर बसवून तिचे केस विंचरायची, वेणी घालायची. सेहेचाळीस वर्षांच्या बाईला आईनं वेणी घालावी हे हसण्यासारखंच आहे, आणि भावजय हसायचीही. थोरली गेल्यावर आईनं हे नव्यानं सुरू केलं होतं. सगळे म्हणत, तेवढाच म्हातारीला विरंगुळा. तीन रविवार टचिंगताईनं टाळले. शाळांच्या ओळखपत्रांचे फोटो आलेत, मान वर करायला फुरसत नाही, असं फोनवर सांगितलं. चौथ्या आठवड्यात बुधवारी आईचाच फोन आला.

"या रविवारी आली नाहीस तर मी येते," आई म्हणाली. "बस मला माहीत आहे."

"अगं, बसचा नंबर दिसणार आहे का तुला?"

"विचारीन कुणाला तरी. लोक सांगतात."

आई म्हणजे बोलली की करणारी. जिन्यावर धडपडेल, रस्त्यात चुकेल, पण येईल. गुरुवारी अर्धी रजा टाकून ती टोपाच्या दुकानात गेली.

दुकान चष्मेवाल्याच्या डोक्यावर होतं, दुसऱ्या मजल्यावर. तीन भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर थर्माकोलची पांढरी डोकी, प्रत्येकावर एक टोप. एक आरसा, त्याच्या दोन्ही बाजूंना ट्यूबलाइट, समोर फिरतं स्टूल. टोपवाले साठीचे असतील, आणि त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. तिची नजर तिकडे गेली तसे ते म्हणाले, "मी लावला तर गिऱ्हाईक म्हणतं, हा स्वतःच लपवतोय, आपल्याला काय खरं सांगणार." मग त्यांनी खिडकीचा पडदा ओढला आणि ती रुमाल सोडेपर्यंत उगाच खणात काहीतरी शोधत राहिले. माणूस जाणता होता.

त्यांनी टेप घेतली. कपाळाच्या कडेनं, कानांच्या वरून, मानेच्या खळगीतून फिरवून माप घेतलं.

"पहिल्यांदाच ना?"

"हो."

"मग आधी सांगा, बघणार कोण?"

"म्हणजे?"

"टोप घेताना रंग आणि लांबी नंतर. आधी हे ठरवायचं. नाटकासाठी हवा असेल तर दहाव्या रांगेतून बरा दिसला की झालं. ऑफिसात लावायचा तर टेबलापलीकडून बघतात. घरातल्या माणसांसाठी असेल तर ती गोष्ट निराळी. माणूस किती जवळ येणार त्यावर टोप ठरतो."

टचिंगताई आरशाकडे बघत राहिली. "सगळेच बघणार," ती म्हणाली.

टोपवाल्यांनी टेप गुंडाळून ठेवली. बायका इथे स्टुलावर बसून काय काय सांगतात, हे त्यांना माहीत होतं. पण ही सांगणाऱ्यातली नव्हती. आई आहे, तिला नीट दिसत नाही, ती दर रविवारी केस विंचरते, एवढी तीन वाक्यं ती त्या वेळी बोलली असती तर पुढचं सगळं टळलं असतं असं मी म्हणणार नाही. पण त्या म्हाताऱ्यानं निदान तिनं घेतला तो टोप तिला विकला नसता.

ते शिकवल्यासारखं सांगत गेले. टोप दोन जातींचे. एक कृत्रिम धाग्याचा. धुतला, वाळवला की पुन्हा पहिल्यासारखा बसतो, पण गरम पाणी, इस्त्री, शेगडी यांच्याजवळ न्यायचा नाही. दुसरा खऱ्या केसांचा. त्याची निगा आपल्या केसांसारखी राखावी लागते, महागही पडतो, पण तो केसच असतो. आतल्या टोपीचेही प्रकार. यंत्रावर शिवलेली वेगळी, हातानं एकेक केस गाठवलेली वेगळी. हातानं गाठवलेल्या टोपाच्या भांगातून खालची कातडी दिसल्यासारखी वाटते.

"पहिला टोप आखूड घ्यावा, असं मी सगळ्यांना सांगतो," ते म्हणाले. "सांभाळायला सोपा. केस कापले म्हणून सांगायचं, लोकांचा विश्वास बसतो."

"आखूड नको," ती इतकं तुटक बोलली की त्यांनी कारण विचारलं नाही.

मग त्यांनी दोन लांब टोप काढले. खऱ्या केसांचा होता तो तपकिरी होता. काळा करून, कानशिलाशी थोडे पांढरे घालून द्यायला आठ दिवस लागले असते. कृत्रिम होता तो काळा, मधूनमधून पांढरा, पाठीच्या मध्यापर्यंत आणि भांग हाताचा.

"हात लावून बघा दोन्हींना."

तिनं हात लावला नाही. पर्समधून फोन काढून त्यांच्या हातात दिला. "माझे फोटो काढा. समोरून, डावीकडून, उजवीकडून. आरशात डोळा फसतो. फोटोत नाही फसत."

टोपवाल्यांनी मुकाट्यानं फोटो काढले. ती स्टुलावर वाकून पडद्यावर एकेक फोटो मोठा करून बघत बसली, जणू कुणा गिऱ्हाइकाचं काम आलंय. खऱ्या केसांच्या टोपात ती कुणीतरी तिसरीच बाई दिसत होती. कृत्रिम टोपात मात्र कपाळावरची केसांची कड, कानामागची बट, कानशिलाशी पांढरा झालेला पुंजका, सगळं जिथल्या तिथे होतं. तिनं दोन वर्षांपूर्वीचा आपला फोटो शेजारी लावला. वर्षानुवर्षं ती ज्यासाठी डोळ्यांत तेल घालून बसायची, ते तिला आयतंच मिळालं होतं. कुठे हात फिरवलाय हे कळत नव्हतं.

"नवीन माणूस नेहमी दाट टोप घेतं," टोपवाले म्हणाले. "जन्मभर केस विरळ, आणि टोप मात्र जाहिरातीतल्या बाईचा. तुम्ही बेताचा उचललात. नजर आहे तुम्हाला."

दोन महिन्यांत कुणी तिला चांगलं असं काही म्हटलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

"चमक मारतोय जरा. पावडर लावीन," ती म्हणाली.

"लावा. विंचरताना टोकाकडून वर जायचं." मग त्यांनी एक बट चिमटीत धरून चोळली. "हाताला मात्र हा धागाच लागतो हं. ते सांगून ठेवतो."

तिनं हे ऐकलं नाही असं नाही. ऐकलं, मान डोलावली आणि पुन्हा फोटो बघायला लागली. आई कडेच्या नजरेनं बघते, तिला बाह्यरेषा तेवढी दिसते, ती चोख असली की झालं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. विंचरण्याचं काहीतरी निमित्त काढून टाळता येईल. खरं तर सर्दीतापाचं कारण सांगून आणखी एक रविवार ढकलता आला असता, आठ दिवसांत तो दुसरा टोपही रंगून मिळाला असता. भावानं आईला बसपर्यंत जाऊ दिलं असतं थोडंच. पण फोटो इतका छान आला होता.

शनिवारी तिनं घरी सराव केला. मानेपाशी आत दोन हूक होते, ते तिनं शेवटच्या घरात अडकवले, कारण सैल टोपाची कपाळावर सावली पडते. डोकं ठणकायला लागलं तरी काढला नाही. भावजयीला फोन केला. "उद्या आईनं कंगवा मागितला तर सांग, आत्ताच तू माझी वेणी घातलीस."

"मला खोटं बोलता येत नाही, ताई," भावजय रडवेली झाली. "माझ्या तोंडावर दिसतं."

"तिला तुझं तोंड कुठे दिसतंय? आणि नाहीच जमलं तर गप्प राहा."

रविवारी सकाळी दहाला ती भावाच्या घरी पोचली. आई खिडकीशी खुर्चीत बसली होती. आईला कुणाकडे बघायचं असलं की ती मान दुसरीकडे वळवायची, कडेच्या नजरेत माणूस यावं म्हणून. नवख्याला वाटावं, म्हातारी रुसलीय. तशी तिनं मान वळवली आणि बराच वेळ लेकीला न्याहाळलं. भाऊ दारातच खिळला होता.

"बारीक झालीस."

"काम फार होतं."

"केस बरे दिसतायत," आई म्हणाली.

भावानं सोडलेला श्वास टचिंगताईला ऐकू आला. तिलाही हायसं वाटलं. चहा झाला. शाळेच्या फोटोत एका मुलानं जीभ बाहेर काढली होती आणि तिनं ती जीभ पुसून त्याला शहाणा कसा केला, हे तिनं आईला सांगितलं. आई हसली. भावजयही हसली, जरा जास्त मोठ्यानं. तो अर्धा तास तिला वाटत होतं, जमलं. आणखी तीन इंजेक्शनं, मग केस येतील, आणि आईला यातलं काही कधीच कळणार नाही.

"बस इथे," आई म्हणाली. "कंगवा कुठाय?"

"आज नको आई. हिनं आत्ताच घातलीय वेणी."

"हिनं? हिला स्वतःची धड येत नाही."

भावजयीनं मान खाली घातली.

"डोकं दुखतंय गं माझं."

"म्हणून तर विंचरते. बस."

नाही म्हटलं असतं तर तिथेच संशय आला असता. ती आईच्या पायांशी बुटक्या स्टुलावर बसली. आईनं रबर काढलं, वेणीचे पेड मोकळे केले. टचिंगताईला आईची बोटं जाणवतच नव्हती. नुसते मानेवरचे हूक ओढले जात होते. कंगवा एकदा वरून खाली गेला. दुसऱ्यांदा गेला. आईनं त्याच्या दातांवरून अंगठा फिरवला, जसा ती दर रविवारी फिरवायची, आणि तिसऱ्यांदा कंगवा घातला. पुन्हा अंगठा. मग तिनं एक बट बोटांत धरून चोळली. भांगावर अंगठा टेकवला आणि तो हळूहळू कानापर्यंत नेला, तिथे टोपाची कड होती. तिथे अंगठा थांबला.

भाऊ स्वयंपाकघरात गेला आणि त्यानं कारण नसताना नळ सोडला.

आईनं हात काढून घेतला नाही. केसांचे तीन भाग केले आणि वेणी घालायला लागली.

"कितवं झालं?" तिनं विचारलं. वाजले किती विचारावं, तसा आवाज होता.

"काय कितवं?"

"इंजेक्शन."

नाही म्हणावं, हसावं, काय बोलतेस म्हणावं, हे सगळं टचिंगताईच्या मनात येऊन गेलं. "तिसरं," ती म्हणाली.

"कुठली बाजू?"

"डावी."

"तिची उजवी होती."

भावजयीनं तोंडाला पदर लावला. टचिंगताई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "कशावरून कळलं तुला? धाग्याचा आहे म्हणून?"

"धागा मग लागला हाताला," आई म्हणाली. "मी दर रविवारी तुझे केस कशाला घेऊन बसते? हौस म्हणून? एवढ्या घोड्या बाईची वेणी घालायची मला हौस नाही. किती गळतात ते बघते. कंगव्यात चार येतात, पाच येतात. एकदा नऊ आले होते, त्या आठवड्यात मला झोप नव्हती. पुढच्या रविवारी पुन्हा चार आले, तेव्हा झोपले. चार वर्षं मी हेच करतेय." ती पेडावर पेड टाकत होती. "आज एकही आला नाही."

आरसा, फोटो, कपाळाची कड, कानशिलावरचे पांढरे केस, सगळं टचिंगताईनं बघितलं होतं. ही एक गोष्ट तिला माहीतच नव्हती.

"डॉक्टर म्हणतात लवकर कळलंय," ती शेवटी म्हणाली. "या वेळी वेगळं आहे, आई. औषधंही नवीन आहेत."

"तिच्या वेळीही नवीन होती."

वेणी खालपर्यंत गुंफून झाली. आईनं रबर लावलं, दोनदा पीळ देऊन. मग हात मांडीवर ठेवले.

"आता रविवारी येऊ नकोस."

"का?"

"फोन कर. फोनवर मला काही दिसत नाही आणि हाताला लागत नाही. एकदा केलं मी सगळं. उशा झटकल्या, ओकायला भांडी धरली, रात्री जागले. पुन्हा माझ्याच्यानं होणार नाही. तू माझी आहेस म्हणून होईल असं मलाही वाटत होतं, पण नाही होणार."

"तू काही करू नकोस गं. मी नुसती येऊन बसत जाईन."

"नको," आई म्हणाली. तिच्या आवाजात जरब नव्हती. एखाद्यानं पानात वाढलेलं परत करावं तसं तिनं ते म्हटलं. मग तिनं सुनेला हाक मारली आणि आत न्यायला सांगितलं. भावजयीनं तिला धरून पलंगावर बसवलं. आई आडवी झाली आणि भिंतीकडे वळली. अकरा वाजले होते, खिडकीतून ऊन थेट पलंगावर येत होतं. भावानं पडदा ओढला.

भाऊ तिला बसपर्यंत सोडायला आला. वाटेत शेजारच्या बाई भेटल्या, म्हणाल्या, "बऱ्याच दिवसांनी. छान दिसताय." टचिंगताईनं मान हलवली. थांब्यावर बाकावर बसल्यावर भाऊ म्हणाला, "रागानं बोलली गं ती. दोन दिवसांनी स्वतःच फोन करेल बघ."

"राग असता तर मी तिथेच ठाण मांडून बसले असते," ती म्हणाली. "रागावलेल्या आईला मी कधी घाबरले नाही. राग नव्हता रे. अजून तीन इंजेक्शनं राहिलीत माझी, आणि तिनं मला आजच थोरलीच्या मागे पोचवून टाकलं."

बस आली. त्यानं हात करून ती थांबवली आणि टचिंगताई चढून मागच्या सीटवर जाऊन बसली.